जुनी शिडाची बोट घेतली आणि घरी आणली (रॉक हॉल ते ॲनापोलिस)

मीठभाकर | सोमवार, रात्री १०:१२

मागच्या वर्षी मी इथे लिहिलं होतं की पन्नाशीला टेकल्यावर शीड हाकायला शिकतेय. तेव्हा बऱ्याच जणांनी "आता बोट घेणार का?" असं चिडवलं होतं. घेतली.

आधी पार्श्वभूमी. मी मिरजेची. पाणी म्हणजे कृष्णेचा घाट आणि पुराचे दिवस, एवढीच ओळख. नवरा सोलापूरचा, म्हणजे त्याच्याकडे तेवढीही नाही. अमेरिकेत मेरीलँडला येऊन पंधरा वर्षं झाली आणि चेसापीक उपसागर घरापासून वीस मिनिटांवर. दोन उन्हाळे क्लबच्या बोटींवर शिकले, मग दर शनिवारी दुसऱ्याच्या बोटीसाठी नंबर लावायचा कंटाळा आला.

बोट १९७९ सालची, कॅटलिना २७. नावाप्रमाणे जवळजवळ २७ फुटी. कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातून १९७१ पासून वीसेक वर्षं ह्या बोटी निघत होत्या, साडेसहा हजारांवर निघाल्या. त्याचा फायदा असा की सुटे भाग अजून मिळतात आणि बोटीच्या प्रत्येक दुखण्याला कुणीतरी आधीच नाव ठेवलेलं असतं. उदाहरणार्थ, खालचा शिशाचा कील (बोट कलंडू नये म्हणून बुडाखाली असलेलं जड पातं) जिथे बुडाला जोडलाय तिथे पुढच्या बाजूला एक आडवी भेग पडते. तिला लोक चक्क "कॅटलिनाचं हसू" म्हणतात. आमची हसते, पण गालातल्या गालात.

किंमत ४,२०० डॉलर. विकणारे गृहस्थ ७८ वर्षांचे, त्यांनी ती २६ वर्षं सांभाळली. गुडघ्यांमुळे आता डेकवर चढवत नाही. बोटीबरोबर त्यांनी एक वही दिली. निळ्या पुठ्ठ्याची, तीनशे पानी. कधी कुठला पंप बदलला, कुठल्या बोल्टला कुठला पाना लागतो, सगळं तारखेनिशी. खरं सांगायचं तर मी बोट नाही, वही बघून होकार दिला.

प्रवासाचं उद्या लिहिते. डोळे मिटतायत.

शेंगदाणा_लाडू | सोमवार, रात्री १०:३०

नवऱ्याला सांगितलं होतं का आधी? 😀

व्यवहारी | सोमवार, रात्री ११:०५

अभिनंदन. पण ४,२०० ही बोटीची किंमत झाली. पुढचं कोण सांगणार? माझ्या साडूने अशीच "स्वस्तातली" घेतली होती. तीन वर्षांनी फुकट द्यायला निघाला, तरी कुणी नेईना. खर्चाचे खरे आकडे टाका, म्हणजे इथले बाकीचे वाचतील.

मीठभाकर | मंगळवार, दुपारी १२:४०

@शेंगदाणा_लाडू, सांगितलं होतं. त्याने फक्त विचारलं, "त्यात संडास आहे का?" आहे. त्याबद्दल नंतर.

@व्यवहारी, घ्या आकडे. बोट तपासून देणाऱ्या सर्व्हेअरला ६०० (फुटावर पैसे घेतात), त्या दिवशी बोट क्रेनने पाण्याबाहेर काढायला ३००. मेरीलँडचा बोटींवरचा कर ५ टक्के, म्हणजे २१० डॉलर. विमा वर्षाला साधारण ३००, पण सर्व्हेचा अहवाल पाहिल्याशिवाय कंपनी जुन्या बोटीला हात लावत नाही. धक्क्याला बोट लावून ठेवायची जागा वर्षाला २,६००, आणि हा आकडा दरवर्षी येणार. डोलकाठी ताणून धरणाऱ्या तारा मूळच्या नाहीत, तरी वीस वर्षांच्या झाल्यात. सर्व्हेअर म्हणाला, दोन वर्षांत बदला. त्याचं कोटेशन आलं ३,५००. म्हणजे तारांची किंमत जवळजवळ बोटीएवढी.

आमच्याकडे म्हैस घेताना जनावर थोरलं की वैरण थोरली, असं आजोबा विचारायचे. इथे वैरणच थोरली, हे मान्य.

आणखी एक गंमत. मेरीलँडात १ जुलै १९७२ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना बोट चालवायला सुरक्षिततेचा परीक्षा-दाखला लागतो. मी १९७५ची, मला लागला. नवरा १९७१चा, त्याला काही येत नाही आणि काही लागतही नाही.

बर्कलीचा_बंड्या | मंगळवार, दुपारी १:१५

मस्त! माझी पण जुनी कॅटलिना आहे, ३० फुटी, सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये. इंजिन कुठलं आहे तुमच्यात? ॲटॉमिक फोर असेल तर ती पेट्रोलवर चालते हे डोक्यात पक्कं ठेवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते. स्टार्टर मारण्याआधी ब्लोअर (वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवायचा आणि मग नाक खाली घालून वास घ्यायचा. पंख्यापेक्षा नाकावर जास्त विश्वास.

आणि बुडाच्या भोकांवरचे वॉल्व्ह बघितले का? जुन्या कॅटलिनांना बागेतल्या नळासारखे गोल चक्रीचे पितळी वॉल्व्ह असायचे. वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात राहून ते फिरवायला गेलं की हातात येतात.

मीठभाकर | मंगळवार, दुपारी १:५०

ॲटॉमिक फोरच आहे! वॉल्व्ह तीन होते, त्यातले दोन बोट विकणाऱ्या आजोबांनी २००८ मध्ये बदलले (वही, पान ११२). तिसरा सिंकच्या खालचा, तो अजून चक्रीचा. सर्व्हेअरने त्याला हातही लावला नाही, नुसतं बघून लाल शेरा मारला. तोवर त्याच्या शेजारी लाकडी बूच दोरीने बांधून ठेवलंय. वॉल्व्ह तुटला तर बूच ठोकायचं.

सर्व्हेबद्दल एवढं सांगते की जुनी बोट घेणाऱ्याने त्या दिवशी रजा काढून हजर राहावं. माणूस प्लॅस्टिकची हातोडी घेऊन दोन तास डेकवर ठकठक करत फिरत होता. आपण नारळ वाजवून बघतो ना, तसंच. घट्ट असेल तिथे टणटण आवाज, आणि फायबरच्या दोन थरांमधलं लाकूड पाण्याने कुजलं असेल तिथे बद्द. कठड्याच्या एका खांबाच्या बुडाशी आणि डोलकाठीच्या पायाजवळ बद्द आला. खांबाचं मी स्वतः करणार आहे. डोलकाठी ह्या बोटीत डेकवर उभी असते आणि तिचा भार आतल्या एका खांबावर येतो. तिथे मात्र कारागीर लागेल.

आजोबा शेजारी उभे राहून ऐकत होते. प्रत्येक "बद्द"ला त्यांचा चेहरा पडायचा. मला ते बघवेना. अहवाल आल्यावर मी किंमत पाडायला हवी होती, सगळे तेच सांगत होते. ५,०००चे ४,२०० झाले ते त्यांनी आपणहून केले.

थळकर | मंगळवार, रात्री ८:२०

ताई, वाचून बरं वाटलं. आमचे आजोबा तांडेल होते. लाकडी होडी असली तरी तपासायची रीत हीच. वाडीतली म्हातारी माणसं होडी घेताना पाण्यात बघायचीच नाहीत, वाळूवर ओढून घ्यायची. मग मुठीने, नाहीतर वल्ह्याच्या दांड्याने फळ्या वाजवत जायचं, नाळेपासून सुकाणूपर्यंत. तुम्ही ज्याला कील म्हणता त्याला आमच्याकडे पठाण. पठाण बरा तर होडी बरी, बाकी फळ्या बदलता येतात.

प्रवासाचं लिहा की. सगळे त्यासाठी बसलेत.

मीठभाकर | बुधवार, रात्री ९:३५

लिहिते. मोठं होईल.

बोट होती रॉक हॉलला, उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर. आमची जागा ॲनापोलिसला, पश्चिमेला. पाण्यातून साधारण १८-२० सागरी मैल. ताशी चार-पाच मैल धरले तर सकाळी निघून दुपारच्या चहाला घरी. बोटीवर मी, नवरा आणि क्लबातली माझी एक मैत्रीण, जी माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त शिकलेली आहे. आजोबा धक्क्यावर आले होते. त्यांनी शेवटची गाठ स्वतः सोडली, दोरी आमच्याकडे फेकली आणि पाठ वळवून गाडीकडे चालू लागले. मी हात हलवत राहिले, पण ते बघत नव्हते.

सकाळी वायव्येचा वारा, दहा-बारा नॉट (ताशी सागरी मैल). आमची दिशा नैर्ऋत्य, म्हणजे वारा थेट उजव्या कुशीवर. ह्याहून सोपं शिडाला काही नसतं. रॉक हॉलच्या बाहेर स्वान पॉइंटचा उथळ पट्टा आहे, तो ओलांडेपर्यंत मी खोली दाखवणाऱ्या यंत्रावरून डोळे काढले नाहीत. चेसापीक लांबीला दोनशे मैल, पण सरासरी खोली २१ फूट. आमचा कील पाण्याखाली चार फूट जातो. भरती-ओहोटीचा फरक ॲनापोलिसला जेमतेम फूटभर. मुंबईच्या माणसाला हसू येईल. पण इथे वायव्येचा वारा जोरात सुटला की तोच पाणी उपसागराबाहेर ढकलतो आणि तक्त्यात लिहिलंय त्याहून पाणी कमी भरतं. हे पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी यंत्रावर दिसलं.

मग खेकड्यांचे सापळे. तळाशी पिंजरा, वर दोरीला बांधलेला तरंगता गोळा, आणि असे शेकडो. नवऱ्याला पुढे बसवून "डावीकडे", "उजवीकडे" ओरडायचं काम दिलं. तासाभराने तो म्हणाला, हे हैदराबाद रोडवर खड्डे चुकवण्यासारखं आहे. तेव्हापासून त्याचं मन बोटीत रमलं.

दोन-अडीच तास इतके सुंदर गेले की त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. इंजिन बंद, शीड भरलेलं, पोळीभाजीचा डबा उघडलेला. जुनी बोट जड असते, लाटेवर नाचत नाही, कापत जाते. मोठं शीड नव्वदच्या दशकातलं, जुन्या बनियनसारखं सैल पडलेलं. ते कितीही ओढलं तरी पोट सुटलेलंच राहतं, पण मागून-बाजूने वारा असला की पोट सुटलेलं शीडही चालतं.

साडेअकराला वारा पडला. पडला म्हणजे कुणी बटण बंद केल्यासारखा. समोर बे ब्रिज. दोन समांतर पूल आहेत, एक १९५२चा, दुसरा १९७३चा, लांबी चार मैलांहून जास्त. मधल्या कमानीखाली १८६ फूट मोकळी जागा, तरी खालून जाताना डोलकाठी आपटणार असंच वाटतं म्हणतात. दक्षिणेकडून बाल्टिमोरला जाणारी सगळी मोठी जहाजं ह्याच कमानीखालून येतात.

इंजिन लावलं. ब्लोअर चार मिनिटं, नाक खाली, सगळं रीतसर. छान सुरू झालं. रविवार असल्यामुळे मोटरबोटींची झुंबड, त्यांच्या लाटांनी आम्ही पाळण्यासारखे डावी-उजवीकडे झुलतोय. वीसेक मिनिटांनी इंजिनाला ठसका लागला. एक, दोन, मग गप्प. पूल अर्ध्या मैलावर, आम्ही जहाजांच्या मार्गात, आणि पुलापलीकडे दक्षिणेला एक कंटेनर जहाज. लांबून ती जहाजं उभीच वाटतात. पाच मिनिटांनी बघितलं की दुप्पट झालेली असतात.

शेंगदाणा_लाडू | बुधवार, रात्री ९:४१

अहो इथे काय थांबलात!!

मीठभाकर | बुधवार, रात्री १०:२०

लेकीचा फोन आला होता. तर.

माझा पहिला विचार होता, इंजिन पुन्हा लावायचं. मी किल्ली फिरवत बसले. मैत्रिणीने माझा हात धरला आणि म्हणाली, आधी रस्त्यातून बाजूला हो, मग गाडी दुरुस्त कर. जहाजांना मार्गातच राहावं लागतं, त्यांना तेवढीच खोली चालते. आम्हाला चार फूट पाणी पुरतं, म्हणजे मार्गाच्या कडेचे बॉय (तरंगत्या खुणा) ओलांडले की आम्ही सुटलो. वारा नव्हता असं म्हटलं, पण अगदीच नव्हता असं नाही, सिगरेटचा धूर वाकेल एवढा होता. तेवढ्यावर पुढचं शीड उघडून, सुकाणू अजिबात न हलवता, आम्ही पश्चिमेकडे सरकत राहिलो. रेडिओच्या १३ नंबरवर मी जहाजाला सांगितलं की पुलाच्या उत्तरेला शिडाची बोट आहे, इंजिन बंद पडलंय, आम्ही मार्गाबाहेर पडतोय. घसा कोरडा पडला होता. तिकडून एकदम शांत आवाजात उत्तर आलं, दिसताय तुम्ही, धन्यवाद. उच्चार आपल्याकडचा होता असं नवरा अजून शपथेवर सांगतो. मला तेव्हा कुठला उच्चार ऐकू येणार!

बॉयच्या बाहेर पडल्यावर सँडी पॉइंटच्या दीपगृहाच्या बाजूला, १५ फूट पाण्यात नांगर टाकला. दोरी शंभर फूट सोडली. जहाज गेलं, त्याची लाट आली, सिंकखालची सगळी भांडी बाहेर आली.

आता वही. इंधनाच्या फिल्टरवर अख्खं पान होतं, चित्रासकट, आणि सुट्या फिल्टरचा डबा कुठल्या कप्प्यात आहे तेही. मिळाला. जुना फिल्टर काढला तर आतून काळ्या चिखलासारखा गाळ. पेट्रोलचं काम, म्हणून सगळ्या खिडक्या उघड्या, बॅटरीचा मुख्य स्विच बंद, खाली वाडगा, सांडलेलं चिंध्यांनी टिपून चिंध्या बाहेर. मग स्विच चालू करून ब्लोअर दहा मिनिटं. इंजिन लागलं.

रात्री घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली. तीनशे पानांत टाकी साफ केल्याची नोंद एकदाही नाही. आजोबा गेली काही वर्षं बोट धक्क्यावरच ठेवत होते, फारतर शांत पाण्यात तासभर. टाकीच्या तळाचा गाळ कधी हललाच नव्हता. आम्ही तो वीस मिनिटं घुसळला.

उरलेला प्रवास थोडक्यात. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला, उन्हाळ्याच्या तोंडाला इथे सुटतोच, आणि तो नेमका तोंडावर. नागमोडी वळणं घेत गेलो. ते बनियन-शीड वाऱ्याच्या तोंडावर काही कामाचं नाही हे तिथे कळलं. चहाला पोचणार होतो, पोचलो दिवे लागल्यावर. धक्क्याला लागताना शेजारच्या बोटीला मी हळूच टेकले. तिच्या मालकाने उठून दोरी धरली आणि विचारलं, बरणी घेऊन आलात का बीअरची? नव्हती. कुरडया होत्या.

थळकर | बुधवार, रात्री १०:४८

नांगर टाकलात तिथेच तुम्ही पास झालात, ताई. आमचे आजोबा म्हणायचे, इंजिन आल्यापासून पोरं नांगर विसरली. वारा गेला की त्यांना काही सुचत नाही.

निवृत्त_नाविक | गुरुवार, सकाळी ७:१०

मैत्रीण योग्य बोलली. तेरावर बोललात हेही योग्य. सोळा नंबरवर दिवसभर सगळ्या जगाचा गोंधळ असतो, जहाजाच्या ब्रिजवरचे, म्हणजे जहाज चालवणारे, तेरावर ऐकतात. फक्त इंजिनाला पहिला ठसका लागला तेव्हाच बाजूला व्हायला हवं होतं, बंद पडल्यावर नाही. वारा पडलेला असताना जहाजांच्या मार्गावरून इंजिन लावून जायचं तर नांगर आधीच मोकळा करून ठेवावा.

जुन्या बोटीला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक सांगतो. भारतीय लष्कराच्या इंजिनिअर्सनी १९८५ ते १९८७ मध्ये ज्या 'तृष्णा'तून पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती ३७ फुटी बोट इंग्लंडमधून घेतलेली जुनीच होती. कमांडर दिलीप दोंदे २००९-१०मध्ये एकटे गेले ते 'म्हादई'वरून, ती मात्र नवी, गोव्यात दिवाडीला बांधलेली. दोन्ही रस्त्यांनी माणसं घरी आली.

व्यवहारी | गुरुवार, सकाळी ९:३०

टाकी साफ करायचे किती? 🙂

बर्कलीचा_बंड्या | गुरुवार, सकाळी ९:५५

ती साफ करू नका, बदला. एवढ्या जुन्या टाकीत गाळ असेल तर आतून गंजही असणार. आणि इंजिनाआधी पाणी वेगळं करणारा दुसरा फिल्टर बसवा. पाण्याच्या पंपातला रबरी पंखाही दरवर्षी बदला, वहीत असो नसो.

गोगलगाय | गुरुवार, दुपारी ३:२२

मी मुंबईत आहे. इथे अशी जुनी बोट घेता येईल का? की वेडेपणा?

निवृत्त_नाविक | गुरुवार, सायंकाळी ६:००

घेता येईल, पण बाजार फार छोटा. गेटवेसमोर बोटी मुरिंगवर (पाण्यातच तळाशी पक्क्या केलेल्या दोरीला) उभ्या असतात, पावसाळ्याआधी सगळ्या बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे वर्षातले चार महिने बोट जमिनीवर. आधी सीबर्डवर (इथल्या क्लबांतली छोटी शिडाची बोट) शिका. दीड वर्ष दर रविवारी जाल तर विकाऊ बोट कुठे आहे हे आपोआप कानावर येईल.

मीठभाकर | शुक्रवार, रात्री ८:०५

@व्यवहारी, नवी टाकी ३४०. हसा.

@बंड्या, पंखा मागवला.

आता नावाचं सांगा. बोटीचं नाव 'सेकंड विंड' आहे. इथले खलाशी म्हणतात बोटीचं नाव बदलणं अशुभ. नवऱ्याला 'चंद्रभागा' ठेवायचंय. माझं म्हणणं, सध्याचंच राहू दे, आजोबा कधी फोन करतील तर बोटीची चौकशी नावानेच करतील.

थळकर | शुक्रवार, रात्री ८:३१

आमच्याकडे बदलतात. नारळी पौर्णिमेला नारळ द्या आणि मग ठेवा काय ठेवायचं ते. नारळ मात्र सोन्याचा कागद लावलेला हवा.

शेंगदाणा_लाडू | शुक्रवार, रात्री ८:४०

संडासाचं राहिलं.

मीठभाकर | शुक्रवार, रात्री ८:५२

पान ४७ ते ६३.